हेलनचा सल्ला आणि टेंपलबाईंचं पत्र

नाशिकच्या एका आईचं पत्र आलंय. लेक नववीत आहे. मराठीच्या बाईंनी ‘हा कुठून उतरवलास?’ म्हणत भर वर्गात तिचा निबंध बाजूला टाकला. निबंध तिचा स्वतःचाच होता. बाकावरची शांत मैत्रीण म्हणते, ‘सोडून दे, मनाला लावून घेऊ नकोस.’ दुसरी मधल्या सुट्टीत बाईंची नक्कल करून हसवते. ग्रंथालयातल्या बाईंनी दिलेली शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ ही कादंबरी वाचून लेक आता म्हणते, ‘मी तर छडी हिसकावून त्यांच्या नाकासमोर मोडेन!’ आई विचारते, कुठल्या मैत्रिणीपासून हिला लांब ठेवू? आणि पुस्तक काढून घेऊ का?

ताई, पुस्तक अजिबात काढून घेऊ नका. छडी मोडायची भाषा जेन करते खरी, पण त्यावर निवासी शाळेतली तिची मैत्रीण हेलन बर्न्स तिला काय ऐकवते? तू असलं काही करणार नाहीस, आणि केलंसच तर शाळेतून काढून टाकतील. तुमच्या लेकीची शांत मैत्रीण म्हणजे हीच हेलन. नखं स्वच्छ नाहीत म्हणून स्कॅचर्डबाई ही शिक्षिका हेलनला मानेवर मारते. वास्तविक सकाळी पाणीच गोठलेलं असतं, पण हेलन ते सांगतसुद्धा नाही. मला खरं सांगायचं तर तिच्या या सोसण्याचं कौतुक करवत नाही. शार्लट ब्राँटेच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, अशाच एका शाळेत आजारी पडल्या आणि 1825 मध्ये गेल्या. एक 11 वर्षांची, दुसरी 10. हेलन ही त्या मारियावरून घडली आहे, आणि कादंबरीतही ती जगत नाही.

तरीही या शांत मैत्रिणीला लांब करू नका. कारण पुस्तकातच आहे, आणि ते फार बारीक आहे. शाळेचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट, जेनला वाढवणाऱ्या मामीचं ऐकून, जेनला स्टुलावर उभी करून सगळ्या शाळेसमोर खोटारडी म्हणतो. हेलन समजावते की आपलं मन साफ असलं म्हणजे झालं. जेन म्हणते, नाही, मला तेवढं पुरत नाही. मला इथे जेनचंच पटतं. चौदा-पंधराच्या वयात कुणाला पुरतं? पण त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिका टेंपलबाई तिला ‘तुझी बाजू सांग’ म्हणतात, तेव्हा हेलनचं बोलणं आठवून जेन राग गिळते आणि मामीच्या घरची हकिकत आवर घालून, नेमकी सांगते. म्हणूनच ती खरी वाटते. संतापाच्या भरात सांगितली असती तर निम्मीही पटली नसती.

आणि टेंपलबाई? त्या ‘माझा विश्वास आहे’ म्हणून थांबत नाहीत. जेनला मामीच्या घरी तपासून गेलेल्या औषधवाल्या लॉइडना पत्र लिहितात. उत्तर आलं की सगळी शाळा जमवून आरोप खोटा असल्याचं जाहीर करतात. डाग चारचौघांत लागला होता, म्हणून तो चारचौघांतच पुसतात. ताई, हे काम मैत्रिणींचं नाही, लेकीचंही नाही. ते तुमचं आहे.

नकलाकार मैत्रिणीची तर काळजीच सोडा. जेनलाही मेरी अ‍ॅन विल्सन नावाची अशीच चटपटीत, गोष्टीवेल्हाळ मैत्रीण होती. एवढं कडक वातावरण, त्यात थोडं हसू हवंच की. नक्कल फक्त वर्गाबाहेर राहू दे म्हणावं.

या आठवड्यात एवढं करा. लेकीला घडलेलं सगळं एका पानावर लिहायला सांगा. ‘खडूस’ वगैरे विशेषणं काढायची, बाई नेमकं काय म्हणाल्या तेवढंच ठेवायचं. त्या शांत मैत्रिणीला शेजारी बसवा, ती बरोबर काट मारेल. मग कच्च्या वहीतली खाडाखोड घेऊन आधी त्या बाईंनाच भेटा. वरच्या आवाजात नको. त्यांची चूक झाली असेल तर ती त्याच वर्गात सांगावी, एवढीच विनंती करा. नाही जमलं तर वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिका. निबंधाचा पहिला खर्डा ग्रंथालयातल्या बाईंनी पाहिला होता असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. अहो, तुमचे लॉइड त्याच आहेत. जाण्याआधी त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या.