अत्तम्मांचे हात का थांबले?

मावशी,
आम्ही सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. घरात तेलुगू बोलतो, पण माझी शाळा मराठीत झाली म्हणून मराठीत लिहिते. माझ्या सासूबाई 58 वर्षांच्या आहेत, आम्ही त्यांना अत्तम्मा म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, दिवसाला हजार विड्या वळायच्या, तेही गप्पा मारत. हिशेबाची वही माझ्याकडे असते. दिवाळीनंतर नऊशे झाल्या, मग सहाशे, आता तीनशेसुद्धा होत नाहीत. त्यातल्याही कितीतरी नापास होऊन परत येतात. सूप मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहतात. पहाटे तीनला उठतात. जेवण दोन घास. डोकं बधीर झालंय, छातीत धडधडतं, अंगात मुंग्या येतात म्हणतात. ईसीजी काढला, तो चांगला आला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या अक्षता सोहळ्यालासुद्धा आल्या नाहीत, एरवी कधी चुकवत नव्हत्या. परवा म्हणाल्या, "मी तुमच्यावर ओझं झाले, देवानं आता उचलावं." नवरा म्हणतो वय झालं. नणंद म्हणते बाहेरचं आहे. शेजारीण म्हणाली डोक्याच्या डॉक्टरला दाखवा, त्यावरून घरात भांडण झालं. तसल्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात. घरात वाईट काहीच घडलेलं नाही, उलट नातू झाला. मग हे काय आहे?
– घरकुलातली सून

पोरी,

बाकी सगळं नंतर बोलू. आधी "देवानं उचलावं" याचं बघू. म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून ते सोडून देऊ नकोस. आज दुपारी घरात गर्दी नसताना अत्तम्मांजवळ बस आणि सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का? तसं काही मनात ठरवलंय का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. उत्तर 'हो' आलं, किंवा त्या नुसत्या गप्प राहून रडल्या, तर त्यांना क्षणभरही एकटं ठेवू नका. घरातली औषधं, उंदराचं औषध, फिनेल सगळं तुझ्या ताब्यात घे आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. तो विभाग रात्रीही सुरू असतो. गाडीसाठी 108 आहे. कुणाशी तरी आधी बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास. तिथं मराठी आणि तेलुगू दोन्ही चालतात.

आता तुझा प्रश्न. मी डॉक्टर नाही, निदान मी करणार नाही. पण तू लिहिलेलं वाचून मला हे म्हातारपण वाटत नाही, आळस तर नाहीच. हे नैराश्य असावं, आणि नैराश्य हा थायरॉइड किंवा साखरेसारखा उपचार असलेला आजार आहे.

तुम्ही सगळे अत्तम्मांच्या तोंडून 'मी दुःखी आहे' हे वाक्य येण्याची वाट बघताय. ते येणार नाही. चाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई मनाबद्दल बोलायला कधी शिकलेलीच नसते. ती डोकं बधीर म्हणते, धडधड म्हणते. मन तिच्या अंगातून बोलतं. आणि तिच्या हातातून. पान कापायचं, तंबाखू बेतानं भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं, त्यातच मोजत राहायचं. हे हजार वेळा होतं तेव्हा बोटांचा वेग, लक्ष आणि उमेद तिन्ही शाबूत असतात. नैराश्यात नेमकी हीच तिन्ही मंदावतात. चालणं, बोलणं, हात, सगळं जणू पाण्याखालून होतं. तुझ्या वहीत हजाराचे नऊशे, नऊशेचे सहाशे, सहाशेचे तीनशे झालेत ना? आजाराची इतकी स्वच्छ नोंद डॉक्टरला क्वचितच मिळते.

डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी शोधतात. मन सतत खिन्न असणं, किंवा आधी आवडणाऱ्या कशातच रस न उरणं. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज. त्यांच्या जोडीनं झोप, भूक, थकवा, मंदपणा, लक्ष न लागणं, आपण बिनकामाचे वाटणं आणि मरणाचे विचार, यांतली काही. अक्षता सोहळा चुकणं हे रस न उरण्याचंच चिन्ह. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणंही या आजारात फार दिसतं. "मी ओझं झाले" हे तर आजारच बोलतोय. आणि तुमच्याकडे हे दोन आठवडे नव्हे, कित्येक महिने चाललंय.

कारण काहीच नाही, म्हणतेस. कारण लागत नाही गं. कधी दुःखानंतर येतं, कधी सुखाच्या घरात येतं. नातू झाला तरी मधुमेह होतोच की. बाहेरचं म्हणणाऱ्या नणंदेशी भांडू नकोस. नवस करायचा तर करू दे, सिद्धेश्वराला नारळ वाढवू दे. पण अंगारे-धुपारे करून पैसे उकळणाऱ्याच्या दारात अत्तम्मांना नेऊ देऊ नकोस, आणि देवासाठी औषध थांबवू देऊ नकोस.

माझ्या आईच्या बाबतीत आमचे आठ महिने गेले. छातीचे फोटो, रक्त, पित्ताच्या गोळ्या. शेवटी एका डॉक्टरनं फाइल मिटवून सांगितलं, "काही नाही, मनाचं आहे." आम्ही घरी येऊन आईलाच रागावलो. मनाचं म्हणजे खोटं, असं आम्ही धरलं. ते आठवलं की आजही मला बोलवत नाही. म्हणून तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव.

सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा. तिथल्या डॉक्टरला वेड्यांचा डॉक्टर म्हणायची आपली जुनी खोड आहे. तिथं झोप नसलेले, दारू सोडू बघणारे, परीक्षेला घाबरलेली पोरं असे सगळे बसलेले असतात. दाखल करून ठेवतील म्हणून घाबरू नका. बहुतेकांवर येऊन-जाऊनच उपचार होतात. अत्तम्मांना खोटं सांगून नेऊ नकोस, त्यांचा विश्वास जाईल. एवढं म्हण, "झोप यावी, जेवण जावं, हात पुन्हा चालावेत, म्हणून डॉक्टर बघायचाय." हे शंभर टक्के खरं आहे. मुलगा सोबत असू दे, एकट्या सुनेनं नेलं की उद्या बोल सुनेलाच लागतो.

डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतील. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-बारा बिघडलं तरी असंच दिसतं. बीपीची गोळी चालू असेल तर नक्की सांग. मशेरी लावत असतील तर तेही. पूर्वी कधी अत्तम्मा उलट फार आनंदात, झोपेशिवाय धावत, वाटेल तसा खर्च करत होत्या का, हे आठवून ठेव. तसं असेल तर औषध वेगळं लागतं. आणि ज्या भाषेत त्या रडतात त्या भाषेत बोलू दे. मराठीत अडखळल्या तर तू तेलुगूतून सांग, पण त्यांची गोष्ट आवरून-सावरून सांगू नकोस.

सवयीची भीती कुठून आली ते मला माहीत आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरंच आहे. डॉक्टर त्या दिल्याच तर थोड्या दिवसांसाठी देतात, त्या मेडिकलमधून आपल्या मनानं आणत राहायच्या नाहीत. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत जावासा वाटत नाही. एकदम बंद केली तर मात्र चक्कर, बेचैनी होते, म्हणून ती हळूहळू कमी करतात. खरी अडचण निराळीच आहे. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, जरा घाबरल्यासारखं होतं, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. त्रास आधी, आराम नंतर. म्हणून लोक दहाव्या दिवशी गोळ्या फेकतात. तुम्ही फेकू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात. या वयात काहींच्या रक्तातलं सोडियम कमी होतं. फार गुंगी आली, बोलण्यात घोटाळा व्हायला लागला, तोल जायला लागला, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरकडे जा. पहिले काही आठवडे गोळ्या तूच हातानं दे, डबी तुझ्याजवळ ठेव.

तोवर हजाराचा विषय घरात काढायचा नाही. शंभर वळल्या तरी ठीक, नाही वळल्या तरी ठीक. "हिंमत धर, मन रमव" म्हणायचं नाही. हिमतीनं जमायचं असतं तर कधीच जमलं असतं, आणि नाही जमलं की त्या स्वतःलाच दोष देतात. संध्याकाळी नातवाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत सोबत चाल, दहाच मिनिटं.

आणि पोरी, अत्तम्मांच्या उरलेल्या सातशे विड्या रात्री कोण वळतं, हे तू लिहिलं नाहीस. मला कळलं. कारखान्यात बोलून माल थोडा कमी घ्या. तुझी झोप गेली तर त्या घरात दुसरं सूप थांबेल.

सोमवारी जाणार असशील तर रविवारी रात्रीच जुने रिपोर्ट, बीपीची गोळी आणि ती हिशेबाची वही एका पिशवीत भरून दाराजवळ ठेव. डॉक्टरांनी "कधीपासून?" विचारलं, की वही उघडून दिवाळीनंतरचं पान त्यांच्यापुढं धर.

– मावशी