कोऱ्या भिंतीपुढे कॅमेरा काय करणार?

प्रश्न : आमच्या प्रोजेक्टमधला रोबो एकाच कॅमेऱ्यावर आपली जागा ओळखतो. प्रयोगशाळेत उत्तम चालतो, पण पांढऱ्या भिंतींच्या लांब कॉरिडॉरमध्ये गेला की भरकटतो. महागडा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : अजिबात नको! प्रयोगशाळेत टेबलाचे कोपरे, स्विचबोर्ड, पोस्टरवरची अक्षरं असतात. सॉफ्टवेअर असे ठळक बिंदू धरतं, पुढच्या फ्रेममध्ये शोधतं आणि ते किती सरकले त्यावरून कॅमेरा कसा हलला हे काढतं. कोऱ्या भिंतीवर धरायला काहीच नाही. मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचं 18 जानेवारी 2024 चं शेवटचं उड्डाण बहुधा अशाच कारणाने फसलं. खाली एकसुरी वाळू होती, कॅमेऱ्याला पुरेशा खुणा मिळाल्या नाहीत, आणि उतरताना पाती मोडली. तेव्हा तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका.

भिंतीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे एप्रिलटॅग चिकटवा. छापायला कागदच लागतो. फक्त प्रत्येक टॅगचं माप अचूक द्या, कारण एकट्या कॅमेऱ्याला जवळची छोटी वस्तू आणि लांबची मोठी वस्तू यांतला फरक कळत नाही. टॅग नजरेआड असतानाही अंतराचं माप हवं, तर आयएमयू (प्रवेग आणि वळण मोजणारा सेन्सर) जोडा. वळणावर तो उपयोगी पडतोच, कारण तिथे चित्र धूसर होतं. म्हणूनच एक्स्पोजर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ) कमी ठेवा, दिवे वाढवा.

आणि हो, रोबोला अधूनमधून ओळखीच्या जागी परत आणा. जागेच्या अंदाजात साचलेली चूक तो तिथेच दुरुस्त करतो, अर्थात तुमच्या प्रणालीत लूप क्लोजर (आधी पाहिलेली जागा ओळखण्याची सोय) चालू असेल तर. विद्यार्थी नेमकं तेच बंद करून ठेवतात, का कोण जाणे.