डिंकात कसलं करिअर?

प्रश्न : मी बीएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कार्बन डायऑक्साइडपासून पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) आणि त्यातून पर्यावरणपूरक अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे चिकटवणारे पदार्थ, बनवतात, हे एका व्याख्यानात ऐकलं. तेच करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, ‘डिंकात कसलं करिअर?’ पुढे काय शिकू?

उत्तर : बाबांना सांग, बुटाच्या तळापासून विमानाच्या पंखापर्यंत सगळीकडे काही ना काही चिकटवलेलं असतं. कामाची वानवा नाही. मला काळजी वेगळीच वाटते. तुला भुरळ पडलीय ती कार्बन डायऑक्साइडची, चिकटण्याची नव्हे.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू महाआळशी, सहजी कशाशी अभिक्रिया करत नाही. १९६९ मध्ये जपानच्या शोहेई इनोउए आणि सहकाऱ्यांनी जस्ताचा उत्प्रेरक (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) वापरून त्याला इपॉक्साइड या चटकन अभिक्रिया करणाऱ्या संयुगाबरोबर साखळीत गुंफलं. त्यातून होणाऱ्या पॉलीप्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये वजनाने ४३ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. उरलेले ५७ टक्के मात्र बहुतेक वेळा खनिज तेलातूनच येतात! ‘हवेतून डिंक’ असं कुणी म्हणालं की हा आकडा पुढे कर. शिवाय हा पॉलिमर साधारण ४० अंश सेल्सिअसलाच मऊ पडतो, म्हणजे नुसता वापरून भागत नाही.

त्यापेक्षा पॉलिऑलकडे, म्हणजे अनेक अल्कोहोल गट असलेल्या रेणूंकडे, बघ. जर्मनीत डॉर्मागेनला कोव्हेस्ट्रो कंपनी २०१६ पासून कार्बन डायऑक्साइड घातलेले पॉलिऑल बनवते, त्यांचा फोम गाद्यांत जातो. पॉलिऑलमध्ये आयसोसायनेट हे तीव्र क्रियाशील रसायन मिसळलं की पॉलियुरेथेन होतं आणि चिकटवण्याच्या धंद्यात त्याला मोठा मान आहे. पण आयसोसायनेट फुप्फुसांना वाईट. म्हणून कार्बन डायऑक्साइडपासून चक्रीय कार्बोनेट (कड्याच्या आकाराचा रेणू) करायचं, त्याची अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगाशी गाठ घालायची आणि आयसोसायनेटला फाटाच द्यायचा, असे प्रयत्न चालू आहेत. साध्या तापमानाला ही अभिक्रिया फार रेंगाळते. मी तुझ्या जागी असते तर याच अडचणीच्या मागे लागले असते.

आता खरं काम कसं असतं ते सांगते. धातूच्या दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींवर चिकटवायची आणि यंत्रात ओढायची. किती जोराला सुटल्या, ते यंत्र सांगतं. मुरलेला माणूस आकड्याआधी तुटलेली जागा बघतो. एक पट्टी लख्ख आणि सगळा डिंक दुसरीवर? मग पृष्ठभागाशी पकडच बसली नव्हती, तेलाचा ओशटपणा राहिला असेल. दोन्ही पट्ट्यांवर थर असेल, तर डिंक आतूनच फाटला, म्हणजे पॉलिमर सुधारायला हवा. दिवसभर पट्ट्या घासायच्या, पुसायच्या, पुन्हा चिकटवायच्या. यात मजा वाटली तर हे क्षेत्र तुझं.

उत्प्रेरक शोधायचे असतील तर पीएचडीला पर्याय नाही, आणि तशा जागा थोड्याच. फॉर्म्युलेशन (घटकांचं योग्य मिश्रण ठरवणं) किंवा ग्राहकाच्या तक्रारी सोडवणारं तांत्रिक काम हवं असेल तर पॉलिमर विषयातली एमएस्सी पुरते. रिऑलॉजी, म्हणजे पदार्थ कसे वाहतात याचं शास्त्र, मात्र टाळू नकोस, बरेच जण गणिताला घाबरून ती सोडतात आणि मग मुलाखतीत अडकतात.

या सुट्टीत महिनाभर एखाद्या चाचणी प्रयोगशाळेत बस. परत आलीस की पट्ट्या कुठून सुटल्या ते मला कळव.