टाळ्या मिळतात, पण पोट भरेल का?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, पुण्यात एसवाय बीएला आहे. गे आहे, मित्रांना माहीत आहे, घरी नाही. ओपन माइकला मराठी कविता सादर करतो. स्लॅम पोएट म्हणूनच करिअर करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : व्हिडिओपासून. आयोजक सादरीकरण रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात. ते एखाद्या चुलतभावाच्या मोबाइलवर पोचलं, की घरी कधी आणि कसं सांगायचं हे तुझ्या हातात उरत नाही. नाव नोंदवतानाच ‘मला विचारल्याशिवाय अपलोड करू नका’ असं व्हॉट्सॲपवर लिहून होकार घे. श्रोत्यांच्या मोबाइलवर मात्र कुणाचाच ताबा नसतो. त्यामुळे घरी सांगेपर्यंत तुझी ओळख उघड करणाऱ्या कविता ओळखीच्या, छोट्या बैठकीतच म्हण. व्हिडिओच्या हक्कांच्या करारावर सही मागितली तर हक्क किती काळासाठी देतोयस ती मुदत बघ. ती लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो. ‘कायमस्वरूपी’ लिहिलं असेल तर सही करू नकोस.

आता कविता. स्लॅम म्हणजे कविता सादर करण्याची स्पर्धा. 1986 पासून शिकागोच्या ग्रीन मिल या क्लबमध्ये रुजलेल्या या स्पर्धेत श्रोत्यांतलेच पाच जण परीक्षक असतात. प्रत्येकी दहापैकी गुण; सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, पुढच्या दर दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. म्हणून घरी घड्याळ लावून कविता दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बसव. हशा आणि टाळ्या उरलेला वेळ खातात. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धर, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ स्पीकरमध्ये फटाक्यासारखे फुटतात.

दुःखाच्या कवितेला गुण पटकन पडतात, ही या खेळाची खोड. मग पोरं दर महिन्याला तीच जखम उकरतात आणि वर्षभरात लिहायला काही उरत नाही.

निव्वळ स्पर्धांवर घर चालत नाही. ओपन माइकला तर बऱ्याचदा आपणच प्रवेश फी भरतो. अमेरिकी कवी अँड्रिया गिब्सन यांनी 2008 मध्ये महिलांची पहिली जागतिक स्लॅम स्पर्धा जिंकली आणि 2023 मध्ये त्यांना कोलोराडो राज्याच्या राजकवीचा मान मिळाला. पण मधली वर्षं दौरे आणि पुस्तकांची होती. आपल्याकडे पैसा कॉलेजांतल्या कार्यशाळा, जूनमधले कंपन्यांचे प्राइड (एलजीबीटी समुदायासाठीचे) कार्यक्रम आणि जाहिरातींचं लेखन यांत आहे. जूनसाठीची मेल मार्च-एप्रिलमध्येच पाठव. अर्धं मानधन आगाऊ माग. ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणणाऱ्या कंपनीला निदान प्रवासखर्च तरी विचारच. पॅन दिलास तर टीडीएस (मानधनातूनच कापला जाणारा कर) साधारण दहा टक्के कापतात, नाही दिलास तर वीस. कापलेला कर रिटर्न भरून परत मिळवता येतो.

बीए सोडू नकोस. टीवायच्या परीक्षेपर्यंत आठ कविता तोंडपाठ हव्यात, म्हणजे बोलणं धरून अर्ध्या तासाचा स्वतंत्र कार्यक्रम होतो. त्यातल्या निदान तीन मेसच्या डाळीवर, स्वारगेटच्या गर्दीवर, कशावरही असू देत.