कुरूप मुळासकट काढता येतं का?

तुम्ही विचारलंय की उजव्या पायाच्या तळव्यावर, करंगळीच्या जरा मागे कुरूप झालंय, दोनदा कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधाची चकती) लावली, दोन्ही वेळा महिन्याभरात परत आलं, काम दिवसभर उभ्याचं आहे, तर ऑपरेशन करून एकदाचं मुळासकट काढून टाकावं का?

मी डॉक्टर नाही. कारखान्यात सेफ्टी बूट घालून १९ वर्षं उभा आहे आणि त्यातली सहा वर्षं अगदी याच जागी कुरूप बाळगलं. त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी ते 'मूळ' डोक्यातून काढा. कुरुपाला मूळ नसतं. कातडीवर एकाच जागी सतत दाब किंवा घासणी झाली की कातडी स्वतःला वाचवायला जाड होते. दाब पसरट असेल तर घट्टा पडतो, तो फारसा दुखत नाही. दाब एका टिंबावर आला की तीच मेलेली कातडी दाबून दाबून शंकूसारखी होते आणि टोक आतल्या बाजूला जातं. मग पाऊल टाकलं की चपलेत खडा अडकल्यासारखं होतं. ते टोक दिसतं म्हणून लोक त्याला मूळ म्हणतात, बी म्हणतात. इंग्रजीतला हा 'कॉर्न' म्हणजे मक्याचा दाणा नव्हे, लॅटिनमध्ये शिंगाला 'कॉर्नू' म्हणतात, त्यावरून आलेला शब्द. शिंग आणि ही कातडी, दोन्हींत केराटिन नावाचं प्रथिनच. शिंग उगवायचं कारण तसंच ठेवून नुसतं शिंग छाटत बसलं तर ते वाढणारच.

मी काय काय केलं ते सांगतो. कॉर्न कॅप तीनदा. एकदा आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाकडून ब्लेडने खरवडून घेतलं, त्याने 'बी' म्हणून काहीतरी पांढरं हातावर ठेवलं आणि पैसे घेतले. मग आमच्या एका नातेवाईक आजींनी बिब्बा सुचवला. सुई टोचून बिब्बा दिव्यावर धरायचा आणि सुटलेलं तेल कुरुपावर लावायचं. बिब्बा असा उतला की कुरूप राहिलं बाजूला, अर्धा तळवा फोडांनी भरला आणि आठ दिवस रजा गेली. कामात बिब्बा घालणे म्हणजे काय ते त्या आठवड्यात नीट कळलं. कृपा करून करू नका.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी पातीने वरची कातडी पापुद्र्यापापुद्र्याने तासली. रक्ताचा थेंब नाही, दुखलंही नाही, कारण मेलेल्या कातडीला संवेदनाच नसते. मधला गाभा निघाला तो ज्वारीच्या दाण्याएवढा, पिवळसर, मेणासारखा. उठून उभा राहिलो तर सहा वर्षांत पहिल्यांदा पाय सरळ पडला. मला वाटलं, झालं. बाई म्हणाल्या, "बूट दाखवा." बूट बाहेर काढले. त्यांनी एक कोरा कागद जमिनीवर ठेवला, मला त्यावर उभं केलं, पेनने पावलाभोवती रेघ मारली आणि त्या आकृतीवर माझाच बूट ठेवला. करंगळीच्या बाजूला रेघ बुटाच्या बाहेर जवळपास बोटभर. विसाव्या वर्षापासून मी आठ नंबर सांगत आलोय आणि दुकानदार आठ नंबर देत आलेत. पाय वयाबरोबर पसरतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हे तुम्ही आज घरी करा. फक्त संध्याकाळी करा, दिवसभर उभं राहून पाय जरा सुजलेला असतो तेव्हा, आणि बसून नाही, पूर्ण वजन देऊन उभं राहून. दोन्ही पायांचं करा, कारण दोन्ही सारखे असतीलच असं नाही. मोठा असेल त्याच्या मापाने बूट घ्या. पुढे सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी (सगळ्यात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, माझं दुसरं आहे). आणि लांबीपेक्षा रुंदी बघा. नुसता नंबर वाढवून लांब पण अरुंद बूट घेतला तर पाय आत पुढेमागे सरकतो आणि नवीन जागी घासतो. हा प्रयोगही मी केलेला आहे.

दुसरी गोष्ट पॅडची. लोक मऊ पॅड नेमकं कुरुपावर ठेवतात. त्याने त्या टिंबाला आणखी उंची मिळते, म्हणजे दाब वाढतोच. तळव्याच्या पुढच्या भागातलं कुरूप असेल तर पॅड त्याच्या मागे, टाचेच्या बाजूला हवं, म्हणजे वजन आधी पॅडवर येतं आणि दुखरी जागा सुटते. बुटातला जुना इनसोल बाहेर काढून बघा, जिथे काळा खड्डा पडलाय तीच तुमची जागा.

घरची निगा सोपी आहे. कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं, मग वजरी किंवा प्युमिस स्टोनने हलक्या हाताने घासा, पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आणि रात्री युरिया असलेलं क्रीम लावून सुती मोजे घाला. एका बसणीत सगळं काढायची घाई नको. कातडी गुलाबी दिसायला लागायच्या आधी हात थांबला पाहिजे. मी आठवड्यातून दोनदा करतो, अंघोळीनंतर. ब्लेड घरात हातात घेऊ नका.

कॉर्न कॅप वाईट नाही, पण त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं आणि ते चांगली कातडी आणि मेलेली कातडी असा फरक करत नाही. चकती सरकली की शेजारची निरोगी कातडी पांढरी पडून सोलते.

इथे वडिलांचं सांगायलाच हवं. त्यांना बारा वर्षं साखर. माझंच बघून त्यांनी एकदा न विचारता कॉर्न कॅप लावली. पायाला संवेदना कमी, त्यामुळे झोंबलेलं कळलंच नाही. मोज्याला ओल लागली तेव्हा बघितलं तर खाली जखम. अडीच महिने ड्रेसिंग. नंतर डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून "लागतंय का?" असं विचारलं, डोळे मिटायला सांगून. धागा वाकेपर्यंत दाबला तरी तीन जागी वडिलांना काहीच कळलं नाही. त्यामुळे तुम्हाला मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर वरचं घासणंबिसणं सगळं विसरा. ना कॅप, ना वजरी, थेट डॉक्टर.

ते कुरूपच आहे ना, हेही एकदा बघा. सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखतं ते बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं आणि मध्ये बारीक काळे ठिपके दिसतात ती चामखीळ असू शकते. ती विषाणूने होते, तिचा उपचार वेगळा, बूट बदलून ती जाणार नाही. आणि बेचक्यात पांढरं, ओलसर, दुखणारं असेल तर सगळ्याच चिखल्या नसतात. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मध्ये मऊ कुरूप होतं. बुरशीचं मलम लावत बसून उपयोग नाही, तिथे बोटं अलग ठेवणारा सिलिकॉनचा तुकडा लागतो.

घट्टा मात्र दुखत नसेल तर त्याच्या मागे लागू नका. अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे जाड असतात ते उगाच नाही. २०१९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात केनियातल्या लोकांवरचा अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की घट्टे जाड असले तरी जमीन जाणवणं कमी होत नाही. बुटाच्या सोलचं तसं नसतं.

आता तुमचं ऑपरेशन. तळव्यावर कापून कुरूप काढलं तर तिथे व्रण राहतो, तो व्रणच पुढे दुखू शकतो, आणि दाब तसाच असेल तर कुरूप पुन्हा त्याच जागी. ऑपरेशनचा विषय येतो तो बोट वाकडं असेल किंवा आतलं हाड वर आलेलं असेल आणि बूट बदलूनही भागत नसेल तेव्हा, आणि तेव्हाही दुरुस्त करतात ते हाड. सुश्रुतसंहितेत याला 'कदर' म्हणतात आणि कापून डाग देणं सांगितलंय. आजही काही वैद्य अग्निकर्म, म्हणजे असा डाग देणं, करतात, माझ्या एका सहकाऱ्याला त्याने आराम पडला. पण त्याने बूट तेच ठेवले आणि दिवाळीनंतर पुन्हा लंगडायला लागला.

माझा सल्ला, आधी कागदावर पाऊल काढा, बूट बदला, दीड-दोन महिने निगा ठेवा. मग डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर रोजचे झिजलेले बूट पिशवीत घालून न्या, नवे घालून जाऊ नका.