नव्या खिडकीला ब्लाइंड कुठे आणि कसा बसवायचा?

जुन्या सागवानी किंवा लोखंडी खिडक्या काढून यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) वा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवलेल्या नागपुरातल्या घरांतून या वेळी बरेच प्रश्न आले. खिडकी बदलली की गाळ्याची (भिंतीतल्या खिडकीच्या पोकळीची) खोली बदलते आणि ब्लाइंडची, म्हणजे गुंडाळत्या किंवा पट्ट्यांच्या पडद्याची, सगळी गणितं तिथूनच बिघडतात. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देत आहोत.

प्रश्न (मनीषनगर): जुनी लाकडी चौकट तशीच ठेवून आतल्या बाजूने तीन ट्रॅकची यूपीव्हीसी खिडकी बसवून घेतली. आता रोलर ब्लाइंड हवे आहेत. बसवणारा म्हणतो, भिंतीला ड्रिल नको, यूपीव्हीसीच्या चौकटीतच स्क्रू मारू. चालेल का?

उत्तर: नाही, मारू देऊ नका. यूपीव्हीसीची चौकट आतून पोकळ असते आणि तिच्यात कप्पे असतात. एका कप्प्यात मजबुतीसाठी जस्ताचा थर दिलेली लोखंडी पट्टी असते. त्या पट्टीला छिद्र पडलं की तिथला जस्त जातो आणि ओल पोचली तर गंज धरतो. सरकत्या खिडकीत आणखी एक अडचण आहे. वरच्या ट्रॅकमधून पल्ल्याचं डोकं सरकतं. स्क्रू चार-पाच मिलिमीटर जास्त आत गेला तरी त्याचं टोक त्या वाटेत येतं आणि पल्ला दर वेळी तिथेच अडकतो. पल्ल्यात स्क्रू मारणं तर त्याहून वाईट. काचेची कड पल्ल्याच्या आत दडलेली असते, बाहेरून दिसत नाही. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या कडेला स्क्रूचा धक्का लागला तर पूर्ण काच एका क्षणात चुरा होऊन खाली येते. शिवाय तुमच्या खिडकीच्या वॉरंटीच्या कागदात चौकटीला छिद्र पाडण्याबद्दल काय लिहिलंय, तेही वाचून घ्या.

ब्लाइंड भिंतीलाच बसवायचा. प्रश्न फक्त गाळ्याच्या आत की बाहेर, एवढाच. त्यासाठी चौकटीच्या आतल्या कडेपासून खोलीच्या भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत किती खोली उरली ते मोजा. नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट साधारण २५० मिमी होते. त्यातली जागा जुनी लाकडी चौकट खाते आणि तिच्यापुढे आलेली तीन ट्रॅकची चौकट आणखी चारेक इंच खाते. तुमच्यासारख्या घरांत शेवटी दोन-तीन इंच उरतात. ३८ मिमी नळीच्या रोलर ब्लाइंडवर पाच फूट कापड गुंडाळलं की गुंडाळी साधारण ५० ते ६० मिमीची होते. त्यात मच्छरजाळीच्या पल्ल्याचं हँडल आणि लॉक आत डोकावत असतात. म्हणजे आत बसवलेला ब्लाइंड अर्धा बाहेर लोंबेल आणि कापड हँडलवर घासेल. तीन इंचांपेक्षा कमी खोली असेल तर सरळ गाळ्याच्या बाहेरून, म्हणजे खोलीच्या बाजूने खिडकीच्या वरच्या भिंतीवर बसवा.

बाहेरून बसवताना ब्लाइंड गाळ्याच्या दोन्ही बाजूंना ७५ ते १०० मिमी जास्त घ्या. वर १०० ते १५० आणि खाली किमान ७५ मिमी. ऑर्डर देण्याआधी बाजूचा स्विचबोर्ड, एसीची नळी, कपाटाचं दार हे आड येतंय का, ते बघा.

खिडकीच्या वर बहुतेक घरांत सिमेंट काँक्रीटचं लिंटेल (आडवी तुळई) असतं. ड्रिलला ते जड जातं, पण पकड उत्तम देतं. हॅमर मोडवर आधी ५ मिमीच्या बिटने वाट करा, मग ८ मिमीच्या बिटने ५० मिमी खोल छिद्र पाडा. आतली भुकटी फुंकून काढा. भुकटी राहिली तर गिट्टी (स्क्रू धरायला छिद्रात ठोकायची प्लास्टिकची नळी) पूर्ण आत जात नाही आणि तिचा पुढचा भाग प्लास्टरमध्येच राहतो. आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमीचं असतं. तेवढ्यावर टांगलेला ब्लाइंड चार महिन्यांनी गिट्टीसकट हातात येतो. ड्रिल एकदम थांबून खणखणू लागलं तर सळई लागली असं समजा. जोर न लावता २० ते २५ मिमी बाजूला सरका. म्हणूनच पहिला ब्रॅकेट जिथे सळई लागायची भीती तिथे लावावा आणि दुसऱ्याचं अंतर त्यावरून मोजावं. दोन्ही छिद्रं आधीच आखून बसलात तर एक सरकवल्यावर दोन ब्रॅकेटमधलं अंतर चुकतं.

छिद्रं खिडकीच्या कडेपासून किमान ५० मिमी दूर ठेवा. नवी खिडकी बसवताना कडेची फट पीयू फोमने (फुगून घट्ट होणाऱ्या फेसाने) भरलेली असते, वरून पुट्टी आणि रंग असतो. बाहेरून ती भिंतच वाटते, पण स्क्रूला तिथे काडीची पकड मिळत नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहा, भसभशीत आवाज आला तर जागा बदला.

शेवटी लेव्हल पट्टी. खिडकीच्या कडेला समांतर म्हणून ब्रॅकेट लावू नका, कारण खिडकी स्वतःच तिरकी असू शकते. रोलर दोन-तीन मिमी तिरका असला तरी कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जातं, ब्रॅकेटला घासतं आणि कडेचे धागे निघतात. पुष्कळ लोक यासाठी कापडाला दोष देतात. रुंदी सहा फुटांहून जास्त असेल तर जाड नळी मागा किंवा दोन ब्लाइंड करा. पातळ नळी मधोमध झुकते आणि कापडावर तिरप्या सुरकुत्या पडतात.

प्रश्न (धरमपेठ): आमचा गाळा खोल आहे, ब्लाइंड आतच बसेल. पण रुंदी वर, मध्ये, खाली वेगवेगळी येते. कोणतं माप द्यायचं?

उत्तर: सर्वांत कमी असेल ते. समजा वर १२०४, मध्ये ११९९ आणि खाली १२०७ मिमी आली, तर तुमची रुंदी ११९९. त्यातून ८ ते १० मिमी वजा करायचे, म्हणजे ब्लाइंड भिंतीला घासत नाही. मात्र ही वजाबाकी कोण करणार हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या: ‘गाळ्याचं माप’ की ‘तयार ब्लाइंडचं माप’. तुम्ही वजा केलं आणि कारखान्यानेही केलं, तर दोन्हीकडे बोटभर फट पडते. तक्रार केली तरी उपयोग नसतो, कारण माप तुमचंच असतं.

मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांच्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाळा गुण्यात (काटकोनात) नाही. तिथे आत बसवलेला ब्लाइंड खालच्या कडेला वाकडा दिसणार आणि डोळ्याला रोज खुपणार. अशा वेळी बाहेरूनच बसवा. खाली कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी पुढे आलेली असते. उंची तिच्यापर्यंत धरा. आणि मापं पुट्टी, रंग, सिलिकॉन सगळं झाल्यावरच घ्या. पुट्टीचा एक हात बसला की दोन-तीन मिमी सहज जातात.

रोलरचं कापड ब्रॅकेटपेक्षा दोन्ही बाजू मिळून ३० ते ३५ मिमी अरुंद असतं. आतल्या बसवणीत कडेने उजेडाच्या दोन रेघा दिसणारच. झोपायच्या खोलीत त्या नको असतील तर व्हेनेशियन (आडव्या पट्ट्यांचा) घ्या, नाहीतर बाहेरून बसवा.

प्रश्न (महाल): उन्हाळ्यात त्याच खिडकीत डेझर्ट कूलर लागतो. ब्लाइंडचं काय करायचं?

उत्तर: हा प्रश्न नागपूरच्या घरात सर्वांत आधी विचारायला हवा, कारण मार्च ते जून खिडकीचा अर्धा भाग कूलरचाच असतो. पूर्ण रुंदीचा एकच ब्लाइंड घेतलात तर कूलर चालू असताना तो पूर्ण वर ठेवावा लागेल आणि उरलेल्या अर्ध्या काचेतून ऊन आत येईल. एका खिडकीवर दोन स्वतंत्र ब्लाइंड घ्या, जोड पल्ल्यांच्या मधल्या रेषेवर. कूलरकडचा गुंडाळून ठेवा, दुसरा खाली.

कूलरची हवा दमट असते. लाकडी पट्ट्या त्या ओलीने फुगतात, वाकतात आणि एकमेकींत अडकतात. रोमन (घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी) ब्लाइंडच्या अस्तराला घड्यांत बुरशी धरते. कूलरच्या खोलीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा पीव्हीसीचा लेप असलेलं रोलरचं कापड टिकतं. वाऱ्याच्या झोताने खालची दांडी भिंतीवर आपटत असेल तर तिला दोन्ही टोकांना अडकवायच्या क्लिपा मिळतात, त्या लावा.

समोरच्या खोलीची खिडकीही विसरू नका. कूलरची हवा बाहेर पडायला वाट नसेल तर घर गार व्हायच्या ऐवजी चिकचिकीत होतं. तिथली काच उघडी असली तरी ब्लाइंड पूर्ण खाली असेल तर वाट बंदच. तिथे पट्ट्यांचा ब्लाइंड बरा, ऊन अडवून हवा सोडता येते.

प्रश्न (प्रतापनगर): पश्चिमेची खोली. ब्लॅकआउट ब्लाइंड लावला, अंधार झाला, पण खोली तापतेच. वर मे महिन्यात काचेला तडा गेला, कोणी काही मारलेलं नाही.

उत्तर: अंधार आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊन काचेतून आत आल्यावर ब्लाइंडवर आदळतं. त्याची मागची बाजू गडद असेल तर तो ऊन शोषतो आणि तीच उष्णता खोलीत सोडत राहतो. मागची बाजू पांढरी किंवा चंदेरी असेल तर बराच भाग काचेतून परत जातो. कापड निवडताना खोलीकडचा रंग तुमच्या आवडीचा, काचेकडचा मात्र पांढराच घ्या.

पश्चिमेचं दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत खरा उपयोग काचेच्या बाहेर सावली करण्याचा. बाल्कनी किंवा ग्रिल असेल तर बाहेर बांबूची चिक किंवा शेडनेट लावा, आणि आत साधा ब्लाइंड. आतला कितीही महाग घेतलात तरी बाहेरच्या चिकेची बरोबरी त्याच्याने होत नाही.

आता तडा. काचेचा मधला भाग उन्हाने तापून पसरतो, कड मात्र चौकटीच्या आत सावलीत आणि थंड राहते. त्या ताणाने साधी काच कडेपासून फुटते. गडद ब्लाइंड काचेला अगदी चिकटून असेल तर मधली हवा कोंडते आणि काच आणखी तापते. रंगीत किंवा आरसेवजा काच ऊन जास्त शोषते, म्हणून तिला धोका जास्त. नीट पाहा: तडा कडेपासून काटकोनात निघून मग वळत गेला असेल आणि कुठेही मार लागल्याची चांदणी नसेल, तर कारण उष्णताच. नवी काच टफन्ड घ्या. ब्लाइंड आणि काच यांत किमान ५० मिमी अंतर ठेवा, वर-खाली हवेला वाट ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला ब्लाइंड अर्ध्यावर लटकता ठेवू नका, कारण अर्ध्या सावलीने ताण वाढतो.

प्रश्न (वर्धमाननगर): मच्छरजाळीचा पल्ला आत उघडतो. ब्लाइंड लावल्यावर तो उघडेल का?

उत्तर: गाळ्याच्या आत बसवलात तर नाही. बाहेरून, आणि ब्रॅकेट पल्ल्याच्या वरच्या कडेच्या बरेच वर लावा. गुंडाळलेला ब्लाइंड पल्ल्याच्या वाटेच्या वर राहिला पाहिजे. नुसतं हँडलच अडत असेल तर कापड नळीच्या पुढच्या बाजूने सोडणारी उलटी गुंडाळी मागा. त्याने कापड काचेपासून नळीच्या जाडीएवढं पुढे येतं. भाव तोच राहतो, फक्त ऑर्डरच्या वेळी सांगावं लागतं.

प्रश्न (मानेवाडा): घरात दोन वर्षांचं मूल आहे. साखळीचा ब्लाइंड ठीक आहे ना?

उत्तर: मोकळी साखळी नको. फास गळ्यात अडकून लहान मुलं दगावतात, आणि आवाज न होता. बिनदोरीचा स्प्रिंगचा ब्लाइंड घ्या. साखळीचा आधीच असेल तर साखळी ताणून धरणारा क्लिप भिंतीला स्क्रूने पक्का करा. नुसता चिकटवलेला चालणार नाही. साखळीचं खालचं टोक जमिनीपासून दीड मीटर वर राहील एवढी ती आखूड करून घ्या. पाळणा, पलंग, सोफा खिडकीखालून हलवा, कारण मूल त्यावर चढलं की दीड मीटरचा हिशोब उरत नाही. व्हेनेशियनच्या दोऱ्या रोज ओढून झाल्यावर भिंतीवरच्या उंच खुंटीला गुंडाळा. हे काम ब्लाइंड बसवला त्याच दिवशी करून घ्या, बसवणारा माणूस ड्रिल घेऊन घरात असतानाच.