बुरशीच्या कामासाठी कर्ज काढावे का?

राजापूर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे: वडिलोपार्जित जांभ्याच्या कौलारू घरात दर पावसाळ्यानंतर भिंतींवर काळी बुरशी धरते आणि काही वाशांची टोके बोट रुतेल इतकी मऊ झाली आहेत. कंत्राटदाराने ‘दहा वर्षांच्या हमी’सह 4,20,000 रुपयांचे काम सुचवले आहे, त्यात 1,60,000 छपराचे आणि 2,60,000 बुरशीरोधक रंग व फवारणीचे. दिवाळीपूर्वी आगाऊ रक्कम दिल्यास सवलत मिळेल. दोन-दोन लाखांच्या तीन मुदत ठेवी सात टक्क्यांनी गुंतवलेल्या आहेत, त्यांतली एक जानेवारीत पूर्ण होते. ठेवी न मोडता बारा टक्क्यांनी पाच वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे का?

ताई, या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे 9,340 रुपये बसेल आणि पाच वर्षांत व्याजापोटीच सुमारे 1,40,000 रुपये जातील. सात टक्क्यांची ठेव राखण्यासाठी बारा टक्क्यांचे कर्ज काढण्यात बचत कुठेच नाही. माझ्या मते कर्ज घेऊ नये आणि 4,20,000 रुपयांचे पूर्ण कामही आत्ता करू नये.

कारण बुरशी हा मूळ दोष नसून ओल हा मूळ दोष आहे. लाकूड कुजवणारी बुरशी लाकडातील ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर वाढत नाही. म्हणजे फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ आणि जोत्याशी साचणारे पाणी यांवर घातलेला रुपया हाच खरा बुरशीनाशक खर्च आहे. कुजलेली टोके कापून बदलावी लागतील. नव्या-जुन्या लाकडावर बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण उपयोगी पडते, पण ते पाण्याने धुऊन निघते, त्यामुळे गळती थांबवल्याशिवाय ते लावण्यात अर्थ नाही. जांभा सच्छिद्र असतो. ओल्या भिंतीवर रंगाचा घट्ट थर चढवला की आतले पाणी कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आपल्या आजोबांच्या पिढीचा चुना या कामी अजूनही स्वस्त आणि बरा आहे, कारण तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारतेमुळे बुरशीला सहज थारा मिळत नाही.

म्हणून जानेवारीत सुटणाऱ्या दोन लाखांतून छपराचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, भिंती सुकल्यावर, करून घ्यावे. उरलेल्या 40,000 रुपयांतून पन्हळ, पाण्याचा निचरा आणि शक्य झाल्यास चुना उरकावा. बाकीचे चार लाख औषधपाण्यासाठी राहतील. रंगाचा विचार एक पावसाळा पाहून करावा. दिवाळीची सवलत सोडून देण्यासारखीच आहे, कारण ऑक्टोबरमध्ये भिंती ओल्याच असतात.

हमीपत्र मागवून त्यात गळती व ओल वगळली आहे का, ते वाचावे. वगळली असल्यास त्या दहा वर्षांची किंमत फारशी नाही. घरविम्यावरही भिस्त ठेवू नये, कारण हळूहळू होणारी कूज आणि झीज त्यात सहसा धरली जात नाही. घराच्या उताऱ्यावर भावांची नावे असल्यास खर्चापूर्वी त्यांची लेखी संमती आणि वाटणीचा हिशेब करून घ्यावा, आणि बिले जपून ठेवावीत.